सिंदखेडकर जाधवांच्या घरांतील मायलेकी : म्हाळसाबाई ऊर्फ गिरिजाबाई व जिजाबाई

मराठ्यांच्या इतिहासांत मातुःश्री जिजाबाईंचें स्थान कोणतें, हें नव्यानें सांगण्याचें प्रयोजन नाहीं. परंतु जिजाबाईंच्या मातुःश्री कोण, त्यांनीं काय केलें, असें कोणी विचारिलें, तर बहुतेकांस एक नांव व रंगपंचमीची एक कथा यांपलीकडे कांहीं सांगतां येणार नाहीं. पति, तीन पुत्र व एक नातू एवढीं माणसें शस्त्रानें गेल्यावर ज्या बाईच्या डोळ्यांदेखत सिंदखेडकर जाधवांचें घर पुन्हां उभें राहिलें, तिची आपल्या इतिहासांत इतकीच नोंद असावी, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. प्रस्तुत लेखांत आम्ही नवा कागद पुढें मांडीत नाहीं. छापून प्रसिद्ध झालेल्या मराठी, संस्कृत व फारसी साधनांचा मेळ घालून या बाईच्या आयुष्याचा धागा जेवढा हातीं लागतो तेवढा दाखवावा, आणि शके १५५१ या एका सालांत माय व लेक यांच्या वाटा कशा फुटल्या याचा विचार करावा, एवढाच हेतु आहे.

प्रथम स्थळाविषयीं. सिंदखेड, म्हणजे हल्लींचें सिंदखेड राजा, हें आज बुलढाणा जिल्ह्यांत मोडतें. परंतु तें जालन्यापासून पूर्वेस सुमारें २० मैलांवरच आहे. इ. स. १८५३ मध्यें वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यांत गेलें, जालना निजामाच्या राज्यांत राहिलें, आणि या दोन गांवांमध्यें राज्याची सीमा पडली. पुढें १९६० सालीं दोन्ही गांवें महाराष्ट्र राज्यांत एकत्र आलीं, व १ मे १९८१ रोजीं जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला. तरीहि एक विदर्भांत व दुसरें मराठवाड्यांत, हा भेद मनांतून गेला नाहीं. सतराव्या शतकांत हा भेद नव्हता. शहाजहानच्या दरबारचा इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी सिंदखेडची ओळख करून देतांना तें जालनापुराजवळ आहे असेंच सांगतो. जालन्याची पेठ, सिंदखेडची देशमुखी व दौलताबादचा दरबार हा तेव्हां एकच प्रांत व एकच राबता होता. म्हणून जाधवांच्या घराचा इतिहास हा जालना प्रांताचाहि इतिहास होय.

लखुजी जाधवराव हे या घराचे कर्ते पुरुष. देवगिरीच्या यादवांशीं हें घराणें आपला संबंध जोडतें. सिंदखेडची देशमुखी त्यांजकडे होती, व अहमदनगरच्या निजामशाहींत ते पहिल्या प्रतीचे सरदार होते. गांवांतील वाडा, मोती तलाव, पुतळा बारव, नीळकंठेश्वराचें देऊळ हीं स्थळें त्या वैभवाची आजहि साक्ष देतात. दत्ताजी, अचलोजी, रघोजी व बहादुरजी हे त्यांचे चार पुत्र, व जिजाबाई ही कन्या. जिजाबाईंचा जन्म १२ जानेवारी १५९८ रोजीं सिंदखेडास झाला असें परंपरेनें मानितात, व त्याच तारखेस तेथें दरवर्षीं जयंतीचा उत्सव भरतो.

लखुजींच्या पत्नीचें नांव मराठी परंपरेंत म्हाळसाबाई असें येतें, व लाहोरीच्या फारसी ग्रंथांत तें गिरजाई म्हणजे गिरिजाबाई असें आहे. माहेरचें एक व सासरचें एक अशीं दोन नांवें असण्याचा आपल्याकडील परिपाठ पाहतां हीं दोन्ही नांवें एकाच बाईचीं धरण्यास हरकत दिसत नाहीं, व तसें धरूनच आम्ही पुढें लिहितों. लक्षांत घेण्यासारखी गोष्ट वेगळी आहे. मराठी परंपरेनें या बाईचें नांव जपलें तें लग्नाच्या कथेंत. तिच्या आयुष्यांतील खऱ्या कसोटीच्या प्रसंगीं तिचें नांव लिहून ठेविलें तें परक्या दरबारच्या लेखकानें.

ती लग्नाची कथा सर्वांच्या परिचयाची आहे. रंगपंचमीच्या दिवशीं मालोजी भोसले आपल्या मुलास घेऊन जाधवरावांच्या घरीं गेले. शहाजी व जिजा हीं मुलें एकमेकांवर रंग उडवूं लागलीं. लखुजी कौतुकानें म्हणाले कीं जोडा चांगला दिसतो. मालोजींनीं तोच शब्द धरून सोयरीक ठरल्याचें भर बैठकींत जाहीर केलें. घरांत बाईंस ही गोष्ट कळतांच त्या रागावल्या; भोसल्यांचें घर आपल्या बरोबरीचें नाहीं असें त्यांनीं पतीस बजाविलें. ही हकीकत उत्तरकालीन बखरींतील आहे. तींतील संवाद बखरकाराचे आहेत, इतिहासाचे नव्हेत. तथापि दोन घरांच्या तोलाविषयीं तींत जें सूचित होतें तें खरें आहे. जाधव हे जुने देशमुख व बड्या फौजेचे धनी. वेरूळचे भोसले हे नुकते वर येत असलेले शिलेदार. मुलीची आई म्हणून तोल पाहणें हें त्या काळच्या कोणत्याहि सरदारपत्नीचें कामच होतें. बखरकारानें या बाईस मानी व हट्टी रंगविलें आहे. आम्हांस तींत घराचा हिशेब जाणणारी गृहिणी दिसते.

लग्न झालें, परंतु दोन घरांचें सूत फार काळ राहिलें नाहीं. त्याचें कारण निजामशाही दरबारांत घडलेला खंडागळ्यांच्या हत्तीचा प्रसंग होय. कवींद्र परमानंदाच्या शिवभारतांत तो आला आहे. हा ग्रंथ स. म. दिवेकर यांनीं १९२७ सालीं प्रसिद्ध केला, तेव्हांपासून बखरींवर विसंबून राहण्याची गरज पुष्कळ कमी झाली. दरबार सुटून सरदार बाहेर पडत असतां खंडागळ्यांचा हत्ती बेफाम झाला व लोकांस तुडवूं लागला. लखुजींचे पुत्र दत्ताजी त्यावर चालून गेले. हत्तीच्या बाजूनें विठोजी भोसल्यांचे पुत्र संभाजी व खेळोजी पुढें आले. हत्ती राहिला बाजूस, व जाधव आणि भोसले एकमेकांवर तुटून पडले. संभाजी भोसल्यांच्या हातून दत्ताजी ठार झाले. तें ऐकतांच लखुजी परत फिरले, व त्यांच्या हातून संभाजी पडले. चुलत भावाच्या बाजूनें उभे राहिलेले शहाजी सासऱ्याशीं लढतांना जखमी झाले.

या एका घटकेनें माय व लेक यांची काय स्थिति झाली असेल, याचा विचार इतिहासकारांनीं क्वचितच केला आहे. म्हाळसाबाईंचा पुत्र गेला तो जांवयाच्या चुलत भावाच्या हातून. जिजाबाईंचा भाऊ गेला, दीर गेला, व पति जखमी झाला तो प्रत्यक्ष पित्याशीं लढतांना. पुढें जहांगिराच्या कारकीर्दींत लखुजी मोगलांस मिळाले. त्यांस, त्यांच्या पुत्रांस, नातवंडांस व आप्तांस मिळून २४,००० जात व १५,००० स्वार इतक्या मनसबी होत्या असें लाहोरी सांगतो. दक्षिणेंतील एकाच घराला इतकें देणें हें त्या घराची किंमत मोगल काय करीत होते हें दाखवितें. १६२४ च्या भातवडीच्या लढाईंत सासरा मोगलांकडे व जांवई निजामशाहीकडे असे समोरासमोर होते. शहाजींचे बंधु शरीफजी त्याच लढाईंत पडले. मुलीनें माहेरीं जावें असे दिवस ते नव्हते.

मलिक अंबर १६२६ सालीं वारला, आणि निजामशाहीचा आधार तुटला. लखुजी मोगलांस सोडून पुन्हां निजामशाहींत आले. परंतु एकदां गेलेला व परत आलेला सरदार कोणत्याहि दरबारास संशयास्पदच वाटतो. २५ जुलै १६२९ रोजीं लखुजी दौलताबादेच्या किल्ल्यांत बुऱ्हाण निजामशहाच्या भेटीस गेले. बरोबर अचलोजी व रघोजी हे पुत्र आणि दत्ताजींचा मुलगा यशवंतराव हा नातू होता. तेथें दबा धरून ठेविलेल्या मारेकऱ्यांनीं चौघांसहि ठार केलें. रणांगणांत नव्हे, मुजऱ्याच्या ठिकाणीं, धन्याच्या हुकुमानें हा घात झाला. जाधवांच्या तीन पिढ्या एका दिवसांत गेल्या.

येथें गिरिजाबाईंचें नांव लाहोरीच्या ग्रंथांत येतें. घाताची बातमी लागतांच त्या, लखुजींचे बंधु जगदेवराव व उरलेले पुत्र बहादुरजी यांसह दौलताबादेहून निघाल्या व जालनापुराजवळील सिंदखेडास येऊन पोंचल्या. मूळ ग्रंथांत ही हकीकत थोडक्या शब्दांत आहे, पण त्या शब्दांमागील प्रसंग लहान नाहीं. पतीचें प्रेत शत्रूच्या किल्ल्यांत, दौलताबादेहून सिंदखेडापर्यंतचा मुलूख निजामशाही फौजांच्या टापूंतला, पाऊसकाळ. अशा वेळीं शोक बाजूस ठेवून, उरलेला एक पुत्र जिवंत घरीं नेणें हेंच पहिलें काम होतें, व तें पार पडलें. त्यानंतर जाधवांनीं निजामशाहीशीं संबंध तोडून मोगलांचा आश्रय घेतला, व बहादुरजी, जगदेवराव इत्यादिकांस मनसबी मिळाल्या.

हा निर्णय एकट्या बाईंचा होता असें आमचें म्हणणें नाहीं. जगदेवराव हे वडीलधारे व अनुभवी होते. परंतु मोगल इतिहासकार दक्षिणी सरदारांच्या बायकांचीं नांवें विनाकारण लिहीत नाहींत. लखुजींच्या घरांतून कोण निघालें हें सांगतांना तो या बाईचें नांव घेतो. त्याचा अर्थ एवढाच होऊं शकतो कीं, त्या वेळीं घरांतील तिचें स्थान बाहेरच्यांसहि ठाऊक होतें. पतीच्या मागें तिनें सहगमन केलें नाहीं; घर सांभाळलें. सिंदखेडास लखुजींची जी भव्य समाधि उभी आहे ती पाहणाऱ्याच्या मनांत पुरुषांचा पराक्रम व अपमृत्यु येतो. ती समाधि उभारण्यास मागें कोणीतरी उरावें लागलें, ही गोष्टहि त्याच दगडांत लिहिलेली आहे.

आतां लेकीकडे वळूं. पित्याचा घात झाला तेव्हां जिजाबाई सासरच्या माणसांत होत्या. फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३० रोजीं शिवनेरीवर शिवाजीमहाराजांचा जन्म झाला. जेधे शकावलींत ही तिथि मिळाली. लोकमान्य टिळकांनीं १९१६ सालीं ती शकावली प्रसिद्ध केली, तेव्हांपासून हा वाद बव्हंशीं मिटला. एका देशमुखाच्या घरीं राहिलेलें बाड किती मोलाचें ठरूं शकतें, याचें याहून चांगलें उदाहरण सांगतां येणार नाहीं.

या तिथीच्या आधारें एका जुन्या कथेचा निकाल लावितां येतो. उत्तरकालीन बखरी सांगतात कीं, लखुजी शहाजींचा पाठलाग करीत आले. जिजाबाई गरोदर असल्यामुळें त्यांस पुढें नेणें अशक्य झालें. शहाजींनीं त्यांस जुन्नराजवळ ठेविलें. तेथें बापलेकींची भेट झाली, व लेकीनें बापास टोंचून उत्तर दिलें. मग त्या शिवनेरीवर राहिल्या व शिवाजीमहाराज जन्मले. कथा हृद्य आहे, परंतु कालाचा हिशेब तिच्या विरुद्ध आहे. लखुजींचा मृत्यु २५ जुलै १६२९ चा. शिवजन्म १९ फेब्रुवारी १६३० चा. मध्यें सात महिन्यांस पांचसहा दिवस कमी. म्हणजे लखुजी जिवंत असतां जिजाबाईंस फार तर दोनएक महिने गेलेले असणार. घोड्यावर बसणें अशक्य व्हावें अशी ती अवस्था नव्हे. सबब ही भेट शिवजन्माच्या प्रसंगाशीं जोडतां येत नाहीं. बखरकारांस एक सत्य मात्र बरोबर कळलें होतें : बाप व पति यांच्या वैरांत या बाईनें पतीचें घर धरलें. तें सत्य सांगण्यासाठीं त्यांनीं प्रसंग रचिला.

वस्तुस्थिति या कथेहून अधिक करुण आहे. त्या गरोदरपणांत जिजाबाईंस बापाशीं भांडण्याची वेळ आली नाहीं. बाप, दोन भाऊ व भाचा एका दिवशीं मारले गेल्याची वार्ता ऐकण्याची वेळ आली. ज्या शके १५५१ त पिता गेला त्याच शकांत पुत्र झाला. शिवनेरीचा आश्रय मिळाला तो विश्वासरावांच्या घराशीं जडलेल्या सोयरिकीमुळें. वडील पुत्र संभाजी यांचें लग्न त्यांच्या मुलीशीं झालें होतें. माय सिंदखेडास उरलेल्या पुत्राचें रक्षण करीत होती, व लेक शिवनेरीवर होणाऱ्या पुत्राचें. एकाच आघातास दोघींनीं दिलेलीं हीं दोन उत्तरें होत.

१६३० च्या अखेरीस शहाजीहि कांहीं काळ मोगलांस मिळाले, म्हणजे सासर व माहेर एका छत्राखालीं आलें. परंतु १६३२ मध्यें शहाजींनीं मोगलांस सोडलें, निजामशाहीचा नवा वारस गादीवर बसवून १६३६ पर्यंत झुंज दिली, व मग ते विजापुरास गेले. जाधव मोगलांकडेच राहिले. दोन घरें पुन्हां दोन छावण्यांत गेलीं तीं कायमचींच.

तरी नातें सर्वस्वीं तुटलें असें समजूं नये. जाधव घराण्याच्या परंपरेप्रमाणें दौलताबादेस मारल्या गेलेल्या अचलोजींचा मुलगा संताजी यास जिजाबाईंनीं आपल्याजवळ वाढविलें, व सेनापति धनाजी जाधव हे त्याच शाखेचे. बापाच्या घरांतील पोरकें मूल उचलून लेकीनें आपल्या पदरांत घेतलें, आणि राजाराममहाराजांच्या संकटकालांत त्या रक्तानें स्वराज्याची सेना चालविली, असा त्याचा अर्थ होतो. पुढें शाहूमहाराज मोगलांच्या कैदेंत असतां त्यांचीं जीं लग्नें झालीं त्यांतील एक सिंदखेडकर जाधवांच्या मुलीशीं झालें. म्हाळसाबाईंच्या घरची आणखी एक मुलगी भोसल्यांची सून झाली, आणि तीहि मोगलांच्या छावणींत.

जिजाबाईंचें पुढील चरित्र सर्वश्रुत असल्यानें आम्ही विस्तार करीत नाहीं. एक साम्य मात्र नोंदवितों. शहाजी २३ जानेवारी १६६४ रोजीं होदिगेरे येथें शिकारींत वारले, तेव्हां जिजाबाई सहगमनास निघाल्या. महाराजांनीं विनवून त्यांस परावृत्त केलें असें सभासद सांगतो. त्या मागें राहिल्या म्हणूनच १६६६ मध्यें महाराज आग्ऱ्यास अडकले असतां राज्याचा कारभार त्यांच्या नांवें चालूं शकला. पस्तीस वर्षांपूर्वीं त्यांच्या आईनेंहि मागें राहूनच घर तारिलें होतें. ६ जून १६७४ रोजीं रायगडीं राज्याभिषेक झाला, व अकरा दिवसांनीं, १७ जून रोजीं, पाचाड येथें जिजाबाईंनीं देह ठेविला.

याला जोडूनच जालन्याचा उल्लेख पुन्हां येतो. नोव्हेंबर १६७९ मध्यें महाराजांनीं मोगलांची ही श्रीमंत पेठ चार दिवस लुटली. परततांना रणमस्तखानानें गांठलें, सिधोजी निंबाळकर पडले, व बहिर्जीच्या वाटाडेपणामुळें महाराज पट्टागडावर सुखरूप पोंचले. ही त्यांची शेवटची मोठी मोहीम; ३ एप्रिल १६८० रोजीं ते कैलासवासी झाले. मातेचें जन्मस्थान त्या पेठेपासून अवघ्या एका मजलेवर, व मामांचे वंशज लुटल्या जाणाऱ्या सरकारचे मनसबदार. शके १५५१ त फुटलेल्या दोन वाटा पन्नास वर्षांनीं अशा एकमेकींच्या दृष्टीच्या टप्प्यांत आल्या. डिसेंबर १७५७ मध्यें पेशव्यांच्या फौजांनीं सिंदखेडासच वेढा घातला, तेव्हां आंत निजामाचे सरदार म्हणून रामचंद्र जाधव होते. तेथपर्यंत ती वाट तशीच चालत गेली.

कोणी म्हणेल कीं, परक्या ग्रंथांतील एका नांवावरून बाईचें चरित्र उभें करणें हें धाडस आहे. त्यावर आमचें उत्तर असें. मध्ययुगीन फ्रान्समध्यें सरदारानें मठास जमीन दिली तर दानपत्रांत पत्नीची व मुलांची संमति लिहून घेण्याची रीत होती; पुढें कुळांत वाद निघूं नये हा हेतु. तेथील संशोधकांनीं तीं पत्रें जमवून, ज्यांचा कोणत्याहि बखरींत उल्लेख नाहीं अशा शेंकडों बायकांचीं माहेरें, विवाह, अपत्यें व वैधव्याचीं वर्षें लाविलीं. आपल्याकडे दानपत्रें आहेत, महजर आहेत, वतनाचे करीने आहेत. जिजाबाईंनीं स्वतः वतनाच्या तंट्यांत दिलेलीं आज्ञापत्रें उपलब्ध आहेत, म्हणजे अशा घरांतील बायांचा कागदाशीं संबंध होता हें सिद्धच आहे. उणीव आहे ती पाहण्याच्या दृष्टीची. महजर वाचतांना आपण गोतांतील पुरुषांचीं नांवें टिपतों, व “अमक्याची बायको” आली कीं पुढें जातों.

म्हणून संग्राहकांस आमची विनंति आहे. सिंदखेड, देऊळगांव राजा, मेहुणा राजा, किनगांव राजा व जालना, जाफराबाद, अंबड या टापूंत ज्यांच्या घरीं दप्तरें आहेत, त्यांनीं शके १५५१ च्या पुढील वीस वर्षांचे कागद वेगळे काढावे, व त्यांत बाईचें नांव, बाईचा शिक्का, बाईनें दिलेलें इनाम किंवा बाईसमोर झालेला निवाडा आढळल्यास त्याची नक्कल अवश्य करून ठेवावी. वऱ्हाडची सीमा मध्यें पडल्यानें एकाच घराचे कागद दोन बाजूंस गेले असणें स्वाभाविक आहे. तेव्हां एका बाजूचें दप्तर पाहून स्वस्थ बसूं नये. जेध्यांच्या घरच्या एका बाडानें पुत्राची जन्मतिथि दिली. आजीचें नांव ज्या कागदावर मराठींत व तिच्या हयातींत लिहिलें गेलें असेल, असा एक कागद सांपडला, तरी एका परक्या लेखकाचें ऋण आपल्या भाषेंत फिटेल.